दारात टांगलेला ड्रेस

ड्रेसवाल्या काकूंच्या दुकानातून घनसावंगीतल्या एकाही लेकराला कधी त्याच्या मापाचा गणवेश मिळाला नाही. त्या सगळ्यांना दोन नंबर मोठाच देत. पहिलीतली पोरं बाह्या दुमडून शाळेत जायची. चौथीत तोच शर्ट नीट बसायचा, पण तोवर त्याची कॉलर गेलेली असायची. कुणी मापाचा मागितला, की काकू चष्म्यावरून बघत. "लेकरू वाढतं ना? कापड वाढतं का? मंग?" लोक मोठा नंबर घेऊन जात.

माझ्या मुलीला, मनूला, ऑटिझम आहे. पाचवीपासून तिच्या शाळेत मुलींना पंजाबी ड्रेस लागतो. काय हवं ते मी ठरवून गेले होते. ड्रेस मापाचा, कापड मऊ, मानेला लेबल नको, सलवारीला नाडा नको. नाड्याची गाठ मनूला सोडवता येत नव्हती, आणि हेडमास्तरांनी आधीच बजावलं होतं: बाथरूमला तिला एकटीला जाता आलं तर ठीक, नाहीतर यंदा घरीच ठेवा. शाळेत मदतीला बाई नव्हती.

काकूंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि दोन नंबर मोठा, नाड्याचा ड्रेस काउंटरवर ठेवला.

"काकू, तिला गाठ सुटत नाही."

"शिकंल की. आमच्या पोरी न्हाई का शिकल्या? इलास्टिक चार दिसांत ढिलं पडतं."

शाळा दुसऱ्या दिवशी सुरू होत होती आणि गावात दुसरं दुकान नव्हतं. मी तोच ड्रेस घेतला, घरी इलास्टिक घातलं, बाह्या आणि सलवार आतून दुमडून शिवली. त्या जाड दुमडी मनूला दिवसभर टोचत राहणार, हे मी धरलंच नव्हतं. प्रार्थनेच्या वेळीच तिने बाह्या दातांनी उसवल्या, आणि मग सलवार काढून घडी करून ठेवली. हेडमास्तरांचा फोन आला तेव्हा ती घडी त्यांच्या टेबलावर होती. कुर्ता लांब होता, एवढं एक बरं झालं. "आठवडाभर बघू," ते म्हणाले.

मी मनूला घेऊन पुन्हा दुकानात गेले. काकूंनी मागच्या पाटीकडे बोट केलं. विकलेला माल परत घेतला जात नव्हता. मी वाद घालत होते, तेवढ्यात मनू दाराशी गेली. तिथे खिळ्याला नमुन्याचा एक ड्रेस कायमचा टांगलेला असे. ऊन, वारा आणि बसस्टँडची धूळ खाऊन त्याचा निळा रंग राखाडी झाला होता. मनूने त्याचा घेर गालाला लावला आणि सोडेना.

"ए लेकरा, ते विकायचं न्हाई. दाखवायचं ए ते."

काकू ओढत होत्या, मनूही ओढत होती. गिऱ्हाइकं मोजे निवडायचं थांबवून बघू लागली. मग काकूंनीही त्याची एक बाही आपल्या गालाला लावून पाहिली.

"अगं माय. हे तर पार जुन्या लुगड्यावानी झालंय."

शिवाय तो मनूच्या मापाचा निघाला. दाखवायला काकू मापाचा ठेवत.

त्या दुपारी काकूंनी ब्लेड घेऊन मानेचं लेबल उसवलं. त्यावर त्यांच्याच दुकानाचं नाव होतं. नाडा काढून रुंद इलास्टिक ओवलं. पुढची बाजू मनूला कळावी म्हणून कमरेला बाहेरून लाल टाका घातला. "आता उलटी घातली तर माझं नाव बदल," असं त्यांनी मनूला सांगितलं. मनूने त्यांचं नाव कधी विचारलंच नव्हतं.

रंग वेगळा दिसतो म्हणून शाळेने हरकत घेतली. काकू गल्ला लेकाकडे देऊन स्वतः शाळेत गेल्या. "सर, तुमच्या शाळेला हा रंग मीच दिला. उडाला तरी तोच ए." हेडमास्तरांचा स्वतःचा मुलगा काकूंच्याच शर्टात बाह्या दुमडून फिरत होता. त्यांनी विषय वाढवला नाही.

आठवडा संपायच्या आत मनू बाथरूमला एकटी गेली आणि एकटी आली. ही बातमी काकूंनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. बुटाच्या लेस घ्यायला आलेल्या एका परगावच्या माणसालाही सांगितली. तो "बरं झालं" म्हणाला.

पुढे दर जूनला मनूचा पुढच्या वर्षीचा ड्रेस वर्षभरासाठी दारात टांगला जाऊ लागला. कुणी भाव विचारला, की काकू म्हणत, "बुक ए तो. मुरायला टाकलाय." बाकीच्या लेकरांना मात्र शेवटपर्यंत दोन नंबर मोठाच मिळाला.

मनू नववीत असताना काकूंना अर्धांगाचा झटका आला. दुकान बंद झालं आणि लेक त्यांना आपल्या सासरी, जाफराबादला घेऊन गेली. आम्ही भेटायला गेलो, तर पाहुणे येणार म्हणून काकूंना कोरं, जरीकाठाचं पातळ नेसवून खाटेवर बसवलेलं. त्यांचं बोलणं कुणाला समजत नव्हतं.

"सकाळपासून कुरकुर करून राह्यलीय," लेक म्हणाली. "पाणी देते तर नको, चहा देते तर नको. काय पाहिजे ते बिलकुल कळंना बघा."

मनूने कुणाकडे पाहिलं नाही. ती सरळ खाटेपाशी गेली आणि काकूंचा पदर खांद्यावरून खाली ओढला. जरीचा काठ घासून मानेवर लाल वळ उठला होता. मग ती अंगणात गेली, दोरीवरची लुगडी एकेक चाचपली आणि एक घेऊन आली.

"अगं बाई, ते फाटकं ए," लेक म्हणाली. "पाहुण्यांपुढं कसं दिसंल?"

काकूंनी चालणाऱ्या हाताने ते लुगडं घट्ट धरलं. बऱ्याच प्रयत्नांनी एक शब्द निघाला, आणि तो आम्हा तिघींना कळला.

"बराबर."

आम्ही ते त्यांना नेसवलं. निऱ्या न घालता, नुसतं गुंडाळून. कुरकुर थांबली. थोड्या वेळाने काकू बसल्या जागी कलंडल्या आणि घोरू लागल्या. चार दिवसांत त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, असं लेक हळूच म्हणाली. तिने चहा आणला. तो आम्ही आवाज न करता प्यालो.