उन्हात न्यायच्या आधी

मी शिकलो, इथे अमेरिकेत टिकलो, ते शैलाकाकूंमुळे. मार्चमध्ये त्यांचा मुलगा नील याचा फोन आला. "दादा, आई इज गॉन..."

मी जतचा, घरातला पहिला पदवीधर. स्टेट कॉलेज नावाच्या इथल्या गावी शिकायला आलो आणि काकूंकडे पहिल्यांदा गेलो तो कुंड्या उचलायला. थंडीत बाग गोठायच्या आधी गावातली मराठी पोरं जमून त्यांची झाडं तळघरात न्यायची, मग थालीपीठं खायची. उन्हाळ्यात जास्वंद आणि कण्हेर ड्राइव्हवेच्या कडेला, भर उन्हात. अनंताला फक्त सकाळचं ऊन. अबोली मेपलच्या सावलीत. शेजारची पॅट म्हणायची, "इथे टिकेल असं काहीतरी लाव ना." काकू म्हणायच्या, "मी टिकले ना? मग?"

पहिल्याच वर्षी माझं सेमिनार कोसळलं. तोंडातून इंग्रजी फुटेना. परत जायचं ठरवूनच मी मे महिन्यात कुंड्या बाहेर काढायला गेलो, जास्वंद उचलली आणि अंगणाकडे निघालो.

"अरे, कुठे निघालास?"

"उन्हात, काकू. जास्वंद आहे."

"सांगलीकडचं झाड, उन्हाला काय भिणार, म्हणून मीही एकदा थेट बाहेर ठेवली होती. पानं पांढरीफटक पडली. हिवाळाभर तळघरात होती ती. आधी पोर्चमध्ये. मग रोज थोडं थोडं ऊन." मग माझ्याकडे बघून, "आणि तू जतला निघालायस म्हणे? उद्यापासून संध्याकाळी इथे यायचं. ते सेमिनार मला सांगायचं. इंग्रजीत."

मी बोलायचो, काकू पोर्चमध्ये वाटाणे सोलत बसायच्या. "मोठ्याने रे, मेपलला ऐकू येत नाहीये!" पुढच्या सेमिस्टरला मी त्याच हॉलमध्ये उभा राहिलो आणि शेवटपर्यंत बोललो.

नोकरीसाठी दूर दक्षिणेला, कॅरी या शहरात आल्यावरही मी दर वर्षी कुंड्यांसाठी जात राहिलो. गेल्या वेळी काकू शाल गुंडाळून खुर्चीतून हुकूम सोडत होत्या. मग हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं, घर विकायचं ठरलं. झाडं कुणालाही देऊन टाका, असं सगळेच म्हणू लागले. काकू ऐकेनात. "नेणारे नेतील, पण मे महिन्यात त्यांना पोर्चमध्ये कोण ठेवणार?" हा एकच घोर त्यांना लागला होता.

मी पत्र पाठवलं. नीलला देवनागरी येत नाही, म्हणून रोमन लिपीत लिहिलं, म्हणजे तो वाचून दाखवू शकेल. अडखळत त्याने वाचलं. काकूंनी एवढंच विचारलं म्हणे, "गाडी मोठी आणतोय ना?"

आज ती सगळी झाडं माझ्या पोर्चमध्ये आहेत. ते पत्र असं होतं...

"काकू, डॉक्टर काय म्हणाले ते नीलने सांगितलं. त्यांचं त्यांच्यापाशी. तुमची एकही कुंडी कुणाला द्यायची नाही. मी ट्रक घेऊन येतोय. मे महिन्यात जास्वंद आधी पोर्चमध्येच ठेवीन. इथे टिकणार नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला तिच्यासमोर उभं करीन. आणि बोलेन मोठ्याने. तुमचा, जतचा."