माझ्या पिचर लेकीला बदला, असं मीच म्हणाले

मंडळी, आत्ताच मैदानावरून सायकलने घरी पोचलेय आणि मन थाऱ्यावर नाहीये.

माझी बारा वर्षांची ईरा इथे झूटरमेर या डच शहरात बेसबॉल खेळते. तिच्या टीमची सुरुवातीची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, तीच. हल्ली तिचा नेम सारखा चुकतोय, आणि आजही समोरचे खेळाडू एकामागून एक, चेंडू न मारताच, फुकटात बेसवर जात होते.

बाकीचे पालक निवांत कॉफी पीत होते. मलाच मेलीला कानकोंडं झालं! आपल्या पोरीमुळे इतरांचं नुकसान नको, म्हणून उठून कोचला म्हटलं, "तिला बदला, आम्हाला अजिबात वाईट वाटणार नाही."

"तिला विचारलंत का?" तो म्हणाला.

मग तोच तिच्याशी बोलून आला आणि तिला आणखी एक संधी दिली. तीही हुकली. तेव्हा मात्र त्याने तिला बदललं, पण पाठ थोपटून सांगितलं, "पुढच्या शनिवारी सुरुवात तूच करायचीस."

ईराने माझं बोलणं ऐकलं होतं. परतताना म्हणाली, "आई, नोबडी एल्स वॉन्टेड मी आउट."

लोक काय म्हणतील ते, लोकांच्या आधी आपणच का म्हणून टाकतो हो?