बिनधुराची चूल

एका बाईची चांगली चालती चूल मी फोडली, आणि वर तिनं आभार मानावेत म्हणून थांबलेही. साठ सालानंतरची गोष्ट. मी नागपूरला एम.ए. करत होते. एका परदेशी संस्थेत उमेदवारी मिळाली की पुढे थेट विलायतेत नोकरी, असा माझा हिशेब. त्यासाठी खेड्यात केलेलं काम दाखवावं लागे. म्हणून कळंबजवळच्या एका तांड्यावर जाऊन, त्या बाईच्या झोपडीत बिनधुराची चूल बांधली.

बाई फार बोलायची नाही. कोपराच्या वरपर्यंत पांढऱ्या बांगड्या. मी चुलीचे फायदे सांगत होते, तेव्हा ती सारखी वर आढ्याकडे पाहत होती. मला वाटलं, माझं धुराडं न्याहाळतेय. मग मी धुराड्यावरही व्याख्यान दिलं.

काही महिन्यांनी, पेरणीच्या तोंडावर संस्थेच्या गोऱ्या साहेबाला तिथं नेलं. चूल पाहून तो खूश झाला, तुमची जागा पक्की म्हणाला. मी शहाणीनं ते हसत हसत बाईला सांगितलं.

तिनं आढ्याला टांगलेली बियाण्याची कणसं काढली आणि माझ्या ओंजळीत चोळली. ज्वारीचं नुसतं पीठ पडलं, त्यात किडे वळवळत होते. चुलीच्या धुरानं बियाणं टिकतं, हे आम्हाला एम.ए.ला नव्हतं. साहेब अजून हसतच होता.

बाई म्हणाली, "तुमाले नोकरी लागली, बरं झालं बाई. आता मले सांगा, मी वावरात काय पेरू?"