आधी वास, मग औषध

निवृत्ती कसबे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचं नाक एका कुत्र्याच्या कानात होतं. कुत्र्याचा मालक कुत्र्याला मांडीत दाबून बसला होता आणि कसबे डोळे मिटून, अत्तर पारखावं तसा लांब श्वास घेत होते. मग नाक बाहेर काढून म्हणाले, "आंबल्या ताकावानी येतोय. बुरशी हाय. पू असता तर सडका वास आला असता." तेवढ्यात मी दिसले. "या बाई, लिवून घ्या. कुत्र्याचं नाव न्हाय, मालकाचं."

दुष्काळातला उन्हाळा होता. ढोकीजवळ जनावरांची छावणी उघडली होती. मी बावीस वर्षांची, शाळेत लागून जेमतेम वर्ष झालेलं. सुटीत शिक्षकांना रिकामं बसू द्यायचं नाही असं वरच्यांनी ठरवलेलं असायचं, म्हणून छावणीचं रजिस्टर माझ्याकडे आलं. कसबे तिथल्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यातले ड्रेसर. मलमपट्टी करायची, सुया उकळायच्या, डॉक्टरांच्या हाताखाली जनावर धरायचं, एवढंच त्यांचं कागदावरचं काम. पण डॉक्टरांकडे तीन गावं होती, त्यामुळे आठवड्यातले चार दिवस दवाखाना म्हणजे कसबेच.

रजिस्टरात बैल, गाय, म्हैस, शेळी असे रकाने होते. कुत्री-मांजरं 'इतर'मध्ये. सरकारला त्यांच्यात रस नव्हता, कारण ती दूधही देत नाहीत आणि नांगरही ओढत नाहीत. कसबे म्हणायचे, "इतरमदीच लई गर्दी हाय, बाई. रकाना जरा रुंद आखा."

वास हे त्यांचं पहिलं हत्यार. तोंडाला मुताचा वास आला की किडनी दमली. पिकल्या फळासारखा गोडसर आला की साखरेचा आजार. दुसरं हत्यार म्हणजे अंगठा. कुत्र्याचा ओठ वर करून हिरडी दाबायची, सोडायची, आणि पांढरी झालेली जागा किती वेळात गुलाबी होते ते बघायचं. हिरडी आधीच फिकी दिसली तर त्यांचा हात सरळ कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत जायचा. तिथं हरभऱ्याएवढे गोचीड निघायचे. "रक्त हितं बसलंय बघा. शेर शेर पिऊन. आन् तुमी म्हणता कुत्रं आळशी झालं."

गावातल्या अर्ध्या घरांचा साखर कारखान्याशी संबंध. कुणी कामगार, कुणी सभासद. म्हणून कसबे शरीर समजवायचे ते कारखान्याच्या भाषेत. ऊस ज्या पट्ट्यावर टाकतात ती गव्हाण म्हणजे तोंड. दात म्हणजे चरक. लिव्हर म्हणजे रस साफ करायचं खातं, किडनी म्हणजे गाळणी, आणि मागून पडतो तो चोथा. मी विज्ञान शिकवायची, पण पचनसंस्था इतकी स्वच्छ मला कुणी सांगितली नव्हती. त्यांचं एक वाक्य मात्र सगळ्या गावाला पाठ होतं. "कारखाना थांबला म्हंजी दर येळी बॉयलरच फुटला असं न्हाय. आदी गव्हाणीत काय अडकलंय ते बघा."

लोकांच्या घरगुती उपचारांवर त्यांचा राग होता, पण तो हसत निघायचा. खरजेच्या कुत्र्याला ट्रॅक्टरचं जळकं ऑईल फासायची तिकडे पद्धत. असं एक काळंकुळकुळीत कुत्रं घेऊन एकजण आला तेव्हा कसबे त्याला म्हणाले, "लावलंस ते लावलंस, आता किल्ली फिरीव आन् चालू कर." मग स्वतः तास घालवून साबणानं ते कुत्रं धुतलं आणि करंजाच्या तेलात गंधक कालवून दिलं. कुत्रं अंग चाटतं, चाटलेलं पोटात जातं, ही साधी गोष्ट ते रोज कुणाला तरी नव्यानं सांगायचे. एका बाईंचा बोका दोन दिवस राखेत बसून कुंथत होता. पोट साफ होत नाही असं समजून त्यांनी त्याला एरंडेल पाजलं होतं. कसब्यांनी पोट चाचपलं, तर आत लिंबाएवढा कडक गोळा. लघवी तुंबलेली. "वैनी, मोरी तुंबलीय आन् तुमी चूल झाडताय," म्हणाले, आणि बोका पिशवीत घालून स्वतः एस्टीनं डॉक्टरांकडे घेऊन गेले. बोका पुढे सात वर्षं जगला. त्या वैनी त्यांना पाणी मात्र वरूनच ओतायच्या. कसबे बौद्ध होते. मी एकदा चिडून विषय काढला तर म्हणाले, "जनावराला जात कळत न्हाय, म्हणून त्येचं निदान नीट व्हतं. माणसाचं अवघड हाय." आणि पुढच्या मांजराचा कान धरला.

आता माझ्या चुकीची गोष्ट.

छावणीत गंगव्वा नावाची एक म्हातारी होती. जळकोटच्या बाजूची, अर्धं मराठी अर्धं कानडी बोलणारी. दोन बैल घेऊन तीन दिवस चालत आलेली. सोबत करिया नावाचा काळा कुत्रा. एका सकाळी आरडाओरडा झाला. करिया पाण्याच्या हौदाशी उभा होता, जबडा लोंबता, लाळेच्या तारा जमिनीपर्यंत. पाण्यात तोंड घालायचा आणि पाणी तसंच बाहेर सांडायचं. लोक काठ्या घेऊन लांब उभे. "पिसाळलं, पिसाळलं." मीही लांबच उभी होते. तिथूनच रजिस्टर उघडलं आणि लिहिलं: काळे कुत्रे, पिसाळलेले. छावणी चालवणाऱ्या सोसायटीच्या चेअरमननी ती नोंद वाचली, खाली सही केली आणि बंदूकवाल्याला आणायला जीप पाठवून दिली.

गंगव्वानं करियाला आपल्या खुंट्याला बांधलं आणि ती त्याच्यासमोर बसून राहिली. रडली नाही. चेअरमनना म्हणाली, "येताना म्होरं करिया, मधी बैलं, मागं म्या. त्येला मारलं तर जाताना म्होरं कोण चालंल? तुमी चालताव?"

कसबे दुसऱ्या टोकाला एका बैलाचं खूर बघत होते. ते आले, माझं रजिस्टर मागितलं, वाचलं.

"कुणी लिवलं?"

"मी."

"जवळ जाऊन बघितलं का?"

"नाही."

"वास?"

"पिसाळलेल्या कुत्र्याचा वास घ्यायचा?"

"घ्यायचा नसंल तर लिवायचं न्हाय."

मला राग आला. कसबे करियापासून पाच-सहा हातांवर उकिडवे बसले आणि नुसते बघत राहिले. चेअरमन घड्याळ बघत होते. म्हणाले, "कसबे, बघण्यासारखं काय आहे? जबडा लोंबतोय."

"लोंबतोय. पिसाळण्याचा मुका परकार असतो, त्यात जबडा असाच लोंबतो, म्हणून तर हात घातला न्हाय अजून." मग गंगव्वाला विचारलं, "आज्जे, आवाज बदलला का ह्येचा?"

"न्हाय. त्योच हाय."

"दोन-चार महिन्यांत दुसरं कुत्रं झोंबलं व्हतं?"

"न्हाय बा. माझ्या नजरंआड जात न्हाय."

"हाक मारा बरं."

"बा करिया, बा," ती कानडीत म्हणाली. करियानं शेपूट हलवली आणि उजव्या पंजानं उजवा गाल घासला. पुन्हा घासला.

कसबे उठले. "चेअरमनसायेब, मगापासनं हे एकाच पंजानं एकच गाल घासतंय. आजार एका गालात बसत न्हाय. काडी बसती."

त्यांनी दोन्ही हातांना कोपरापर्यंत पोती गुंडाळली. दोरीचा फास करियाच्या गळ्यात टाकून तो खुंट्याला आवळला. बाभळीच्या फांदीचा तुकडा मागच्या दाढांमध्ये आडवा दिला, म्हणजे तोंड मिटता येऊ नये. मग मान न वळवता विचारलं, "बाई, पिशवीत आरसा हाय का?"

होता. तळहाताएवढा, घाम पुसताना बघायचा.

"ऊन पकडा आन् आत सोडा. हात थरथरू द्यायचा न्हाय."

मी उन्हाकडे पाठ न करता, कुत्र्यापासून दोन हातांवर उभी राहून उन्हाचा कवडसा करियाच्या तोंडात सोडला. टाळूवर, या दाढेपासून त्या दाढेपर्यंत, कमानीसारखं काहीतरी घट्ट बसलेलं दिसलं, उजवं टोक हिरडीत रुतलेलं. कसब्यांनी लांब चिमटा आत घातला, जरा फिरवला, आणि 'कट' असा आवाज आला. बाहेर आलं ते दोन बोटं लांबीचं उसाचं साल.

छावणीत जनावरांना चारा म्हणून ऊसच तोडून घालत होते. भाकरी माणसांनाच पुरत नव्हती, म्हणून कुत्र्यांनीही ऊस चघळायला शिकून घेतलं होतं. हे मी रोज बघत होते आणि तरी मला सुचलं नव्हतं.

कसब्यांनी ते साल नाकाशी धरलं. "गोड हाय अजून," म्हणाले.

फास सोडल्याबरोबर करियानं अर्धी बादली पाणी संपवलं, मग चेअरमनच्या धोतरावर ओलं तोंड पुसलं. चेअरमन म्हणाले, "मला वाटलंच होतं." गंगव्वा इतकी हसली की तिला बसावं लागलं. जीप आली तेव्हा बंदूकवाल्याला चहा पाजून परत पाठवलं. मी माझी ओळ खोडली आणि तिथं लिहिलं: इतर. टाळूत उसाचे साल. कसब्यांनी वाचलं. "आता बरोबर," म्हणाले, आणि बैलाच्या खुराकडे परत गेले.

पाऊस झाल्यावर छावणी उठली. गंगव्वा निघाली तेव्हा मी फाटकाशी होते. पुढे करिया, मध्ये बैल, मागे ती. मी तिच्या नावापुढे 'परत' असं लिहिलं, पण आधी चौघांकडेही नीट बघून घेतलं.

पुढे माझी ढोकीच्याच शाळेत बदली झाली आणि कसबे दरवर्षी माझ्या सातवीच्या वर्गात येऊन कारखान्याच्या भाषेत पचनसंस्था शिकवू लागले. तोपर्यंत ते माझे कसबे काका झाले होते. पोरं माझं विसरायची, त्यांचं विसरायची नाहीत. ते निवृत्त झाले, मग दोन-तीन वर्षांत हृदयानं दगा दिला. झोपेत गेले. चांगलं मरण.

मी नवव्या दिवशी त्यांच्या घरी गेले. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली काकांचा. दाराशी त्यांचा म्हातारा कुत्रा टिप्या पडलेला. त्याच्यासमोर भाकरी तशीच. आजूबाजूच्या बाया पदर डोळ्यांना लावून एकमेकींना सांगत होत्या, "मालक गेला तवापासनं तुकडा शिवला न्हाय. मुकं जनावर, पर माया बघा." काकांच्या सूनबाई रडवेल्या झाल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, हाही आता त्यांच्याच मागं जाणार.

मी टिप्यापाशी बसले. त्यानं भाकरी हुंगली, तोंडात धरली, आणि कण्हून टाकून दिली. ज्याला खायचंच नाही तो तोंडात कशाला धरेल? मी त्याचा ओठ वर केला आणि नाक जवळ नेलं. वास असा आला की मी आजही तो सांगू शकते.

"दाढ किडलीय," मी म्हटलं. "खाली पू झालाय."

सूनबाई टिप्याजवळ वाकल्या. "म्हणजे मामंजींचं दुःख नाही?"

"दुःख असेलही. पण दुःखाला पू येत नाही."

दुपारीच त्याला नव्या डॉक्टरांकडे नेलं. दाढ काढली, सुई दिली. तीन दिवसांनी मी पुन्हा गेले तर टिप्या दुधात कुस्करलेली भाकरी थाळीसकट ढकलत अंगणभर चाटत होता. बायांना जरा वाईटच वाटलं असावं. इतकी चांगली गोष्ट दाढेवर संपली. सूनबाईंनी मात्र थाळीत आणखी एक भाकरी कुस्करली आणि काकांच्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "मामंजी, गव्हाण चालू झाली."