बसलेल्याला बसू द्यावं

ओइवा कान्तोमाने उत्तरेतल्या बर्फाळ केमी गावच्या कागद कारखान्यात सगळी उमर काढली, आणि त्या काळात कामावर तो जेमतेम चार-दोन वाक्यं बोलला असेल. यात त्याचा काही दोष नव्हता. यंत्राची घरघर एवढी, की शेजारच्याने बोंब मारली तरी ऐकू येत नसे. म्हणून तिथली माणसं हातांनी बोलत. दोन बोटं ओठाशी नेली की सिगारेटची सुट्टी. मूठ पोटावर आपटली की जेवण. आणि उघडा तळवा वर धरला की यंत्र बंद करा, माणूस अडकलाय. हा शेवटचा इशारा ओइवाने एकदाच केला होता. त्या दिवशी एका कामगाराचा हात वाचला, आणि त्या कामगाराने ओइवाला आयुष्यभर दर नाताळात एक खारवलेला मासा पाठवला. त्याबद्दलही दोघं कधी एका शब्दाने बोलले नाहीत. आमच्याकडे आभार मानायची हीच रीत आहे.

घरी बायको होती, तिचं नाव आऊने. ती दोघांच्या वाटचं बोलायची. ओइवा ऐकायचा, किंवा ऐकल्यासारखं करायचा, आणि बुधवार उजाडायची वाट बघायचा. बुधवारी संध्याकाळी कामगार भवनात चित्रपट मंडळाचा खेळ असे. राजधानीच्या संग्रहातून आलेले जुने चित्रपट, नाहीतर कुणातरी धडपड्याने स्वतःच्या खिशातून काढलेला नवा, जो बाजारातलं कुठलंच थिएटर लावणार नाही असा. बाहेरच्या दालनात गावातल्या चित्रकारांची चित्रं टांगलेली, कधी चर्चच्या बायकांचं समूहगान. ओइवाला सगळं चाले, पण त्याचा जीव आतल्या लाकडी खुर्च्यांमध्ये होता. तिथे पडद्यावरची माणसं बोलत आणि खालची गप्प बसत. ओइवाच्या मते जगाची मांडणी अशीच असायला हवी होती.

तो शेवटून तिसऱ्या रांगेत बसायचा, उजवीकडच्या भिंतीला अगदी चिकटून. आणि कुणी कुजबुजलं, गोळीचा कागद वाजवला, की त्या कोपऱ्यातून आवाज यायचा, "शूः." मोठा नसायचा, पण त्याला धार होती. एकदा नगराध्यक्षांच्या बायकोलाही त्याने तसंच गप्प केलं, तेव्हा अख्ख्या सभागृहाला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या होत्या. मंडळात नवा माणूस आला की जुने लोक त्याला आधीच सांगून ठेवत, "तिकडे भिंतीशी ओइवा असतो. हाताची घडी, तोंडावर बोट."

आऊनेही सुरुवातीची काही वर्षं त्याच्याबरोबर यायची. तिला चित्रपट बघताना बोलल्याशिवाय राहवत नसे. "हा आता मरणार बघ," ती कानाशी लागून म्हणायची. ओइवा म्हणायचा, "शूः." आधी ती हसायची. मग विणकाम घेऊन बसायला लागली. मग यायचीच बंद झाली. पुढे तिला पोटाचा रोग झाला आणि पानगळीच्या दिवसांत ती गेली. दफन झाल्यावर ओइवा स्वयंपाकघरात बसून आठवत राहिला की आपण तिच्याशी शेवटचं काय बोललो. काही केल्या त्याला ते आठवलं नाही. तिचं बोलणं मात्र सगळं आठवत होतं, आणि त्याची त्याला लाज वाटली.

त्याच हिवाळ्यात मंडळाने एक मूकपट लावला. समुद्रकाठच्या कोळ्यांची गोष्ट. शेवटी एक बाई बर्फाळ किनाऱ्यावर उभी राहून नवऱ्याला हाका मारते. तिचं तोंड मोठं उघडतं, मिटतं, पुन्हा उघडतं, आणि होडी पुढेच जात राहते. मूकपट असल्यामुळे हाक काही ऐकू येत नाही, नुसती दिसते. चित्रपट संपला, दिवे अर्धे लागले, आणि ओइवाला उठता येईना. गालांवरून पाणी वाहत होतं. सत्तरीला टेकलेला कारखान्यातला माणूस, त्याने हे असलं कधी केलं नव्हतं.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. इर्मेली पास्मा. मंडईत मासे विकणारी, मंडळाची कॉफी आणि वेलदोड्याचे गोड पाव सांभाळणारी. तिचे आईबाप युद्धात शत्रूकडे गेलेला कारेलिया प्रांत सोडून इकडे आले होते, आणि कारेलियाची माणसं बोलकी, असं आम्ही म्हणतो. चांगल्या अर्थाने म्हणत नाही.

"ओइवा, बरं आहे ना रे?" ती म्हणाली. तिचा आवाज मंडईतलाच होता. सगळ्यांच्या माना वळल्या.

ओइवाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माणसाला दोन मिनिटं बसूही देत नाही तुम्ही," तो म्हणाला. "मंडईत विचार जा सगळ्यांना, कसं आहे म्हणून. तिथे गिऱ्हाईक तरी वाढेल."

इर्मेली हसली, पण लालबुंद झाली. पुढचे काही बुधवार ती आली नाही आणि मंडळाला कॉफी बेकार मिळाली.

वसंतातल्या वार्षिक सभेत ओइवा चक्क उठून उभा राहिला. चित्रपट संपल्यावर जो बसून असेल त्याला बसू द्यावं, असं तो म्हणाला. त्याला हात लावू नये, काही विचारू नये, त्याचं त्याला उठू द्यावं. अध्यक्षांनी चर्चेला वाव आहे असं सांगितलं. चर्चा झाली नाही, कारण चर्चेसाठी कुणालातरी बोलावं लागतं. ठराव एकमताने पास झाला. इर्मेलीनेही हात वर केला होता.

खरं सांगायचं तर नियम चांगला होता. आमच्या गावात रडायला जागा नाही. घरी भिंती पातळ, कामावर माणसं, आणि चर्चमध्ये पाद्री लगेच जवळ येतो. कामगार भवनात मात्र माणसं सुखाने रडायला लागली. घटस्फोट झालेला एक बसचालक तर नुसता तेवढ्यासाठीच यायचा, चित्रपट कुठला याच्याशी त्याला देणंघेणं नसे. बाकीचे चवड्यांवर चालत बाहेर जात, दार हळू लावून घेत. आणि हा नियम सगळ्यांत कडक कोण पाळायचं, तर इर्मेली. बसलेल्याजवळ ती कॉफीचा कप ठेवायची आणि न बोलता निघून जायची. एवढं शिकली होती ती. ओइवा ते बघायचा आणि त्याला मनातून बरं वाटायचं. तू तेव्हा चुकली नव्हतीस, हे तिला एकदा सांगावं असं त्याच्या मनात फार होतं. पण कधी सांगावं, कसं सांगावं, यातच वर्षं गेली.

मग एका फेब्रुवारीत तोच मूकपट पुन्हा आला. ओइवानेच सुचवला होता. बाहेर अशी थंडी की नाकातले केस गोठावेत. या खेपेला चर्चचा वादक पायपेटी घेऊन आला होता, तो पडद्याखाली बसून वाजवत होता. ओइवा आपल्या जागी, भिंतीला उजवा खांदा टेकून.

किनाऱ्यावरची ती बाई आली, आणि तिने तोंड उघडलं, तेव्हा ओइवाला वाटलं की पायपेटी बिघडली. सूर वितळल्यासारखे एकमेकांत मिसळले. त्याने चष्मा सारखा करायला उजवा हात उचलला. हात उचलला गेला नाही, मांडीवर तसाच पडून होता, दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा. तोंडाची उजवी बाजूही भिंतीकडे ओघळली होती. भीती त्याला जरा उशिराच वाटली. आपल्यात काहीतरी तुटलंय, आणि आत्ताच्या आत्ता कुणालातरी सांगायला हवं, एवढं त्याला स्वच्छ कळत होतं.

चित्रपट संपला, दिवे अर्धे लागले.

माणसं उठली. त्यांना भिंतीशी बसलेला ओइवा दिसला, त्याच्या डाव्या गालावरचं पाणी दिसलं. उजवा गाल भिंतीला होता, तो कुणाला दिसला नाही. अध्यक्षांनी अदबीने मान लववली आणि मागच्यांना हाताने खूण केली, हळू. बसचालक तर जाताना जरा थबकला, एका रडणाऱ्याने दुसऱ्याकडे बघावं तसं त्याने बघितलं, आणि चवड्यांवर निघून गेला. ओइवाने तोंड उघडलं. आतून काहीच आलं नाही. त्याने पुन्हा उघडलं.

सभागृह रिकामं झालं तेव्हा इर्मेली आली. तिच्या हातात कप होता, बशीत पाव. ओइवाचा जीव भांड्यात पडला. ही बोलकी आहे, ही विचारणार. त्याने सगळी ताकद डाव्या हातात आणली आणि उघडा तळवा वर धरला. यंत्र बंद करा. माणूस अडकलाय.

इर्मेली कारखान्यात कधी गेली नव्हती. तिला एवढंच दिसलं की ओइवा हात वर करून तिला थांबवतोय. ती जागच्या जागी थांबली.

तेव्हा ओइवाने तिला नावाने हाक मारली. निदान त्याने मारली ती हाकच होती. इर्मेली, हा शब्द त्याने जिभेवर नीट ठेवला आणि बाहेर ढकलला. बाहेर आलं ते असं, "शूः."

इर्मेलीने मान डोलावली. कप खुर्चीच्या हातावर ठेवला, आपली शाल काढून त्याच्या गुडघ्यांवर घातली, नीट खोचली, आणि गेली. दाराबाहेर ती दबक्या आवाजात सांगत होती ते ओइवाला अक्षर न् अक्षर ऐकू आलं. "आत ओइवा बसलाय. आऊनेची आठवण आली असेल बिचाऱ्याला. दार आपटू नका."

कुणी दार आपटलं नाही. बाहेर कॉफी झाली, पुढच्या महिन्याच्या चित्रपटावर बोलणं झालं, वादकाचे आभार मानून झाले. अध्यक्ष दिवे मालवायला आत आले तेव्हा कप खाली पडला होता आणि ओइवा त्याच्या बाजूला.

डॉक्टर तरुण होती, केमीची नव्हती. तासभर आधी आणलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती, असं ती तोंडावर बोलून गेली. ते मंडळाच्या सगळ्यांनी ऐकलं. नियम कुणी रद्द केला नाही, कारण त्यासाठी सभेत कुणालातरी तो विषय काढावा लागला असता.

ओइवा जगला. उजवा हात गेला, पाय गेला, आणि वाचा गेली. वृद्धाश्रमात एक बाई त्याला बोलायला शिकवायला यायची. तिने इर्मेलीला समजावलं की ओइवाला कळतं सगळं, पण बोलण्याच्या वाटा बुजल्यात, सगळ्यांत जास्त पायाखालची तेवढी एकच उरली आहे. पाणी हवं असलं तरी शूः, दुखत असलं तरी शूः. आश्रमात काम करणाऱ्या पोरींना वाटे, म्हातारा खडूस आहे. दिवाणखान्यात बुधवारी चित्रपट लावत, म्हातारे मोठमोठ्याने बोलत, कुणी गात, आणि ओइवाला तो गोंगाट अमृतासारखा वाटायचा. त्यात भाग घ्यायला तो तोंड उघडायचा आणि सगळे एकदम गप्प व्हायचे.

इर्मेलीला समजावलेलं डोक्यात होतं. ती दर बुधवारी यायची आणि बडबड बडबड बडबडायची. माशांचे भाव, बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलेले नवशिके, बसचालकाचं म्हणे दुसरं लग्न ठरतंय. ओइवा त्या बडबडीवर जगत होता. आऊनेचं सगळं ऐकायचं राहून गेलं होतं, ते आता कुणीतरी पुन्हा सांगतंय असं त्याला वाटायचं. पण एक विषय इर्मेली काढत नव्हती, आणि ती तो काढणार याची ओइवा वाट बघत होता. त्याचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं. हो, मी हाक मारत होतो. पण तुझी चूक नाही, नियम माझा होता.

वसंतात बर्फ फुटायला लागला तेव्हा ती एकदा बोलता बोलता थांबली. खिडकीकडे बघत म्हणाली, "ओइवा, त्या दिवशी मी कॉफी घेऊन आले, तेव्हा तू हात वर केलास. मला वाटलं, जा म्हणतोयस. मला हाक मारत होतास का रे?"

ओइवाने श्वास घेतला. एवढी काळजी त्याने जन्मात कुठल्या शब्दाची घेतली नव्हती.

"शूः," तो म्हणाला.

त्याच्या शूःचा अर्थ काहीही असू शकतो हे इर्मेलीला ठाऊक होतं, पण या एका प्रश्नाला तिला तो खराच वाटला. तिचा चेहरा आधी लाल झाला आणि मग उतरला. "बरं," ती म्हणाली. "नाही काढत मी तो विषय."

त्याने डाव्या हाताने तिची बाही धरली आणि मान हलवायला लागला. हो, हो, हो, हाक मारत होतो. पण मानही आता त्याचं वेळेवर ऐकत नव्हती. मघाच्या प्रश्नाचा होकार आत्ता आला, आणि इर्मेलीने तो शेवटच्या वाक्याला लावला.

"कळलं रे," ती म्हणाली. "मलाच नको तेव्हा बोलायची खोड आहे. तू आधीच सांगितलं होतंस."

तिने त्याचा हात सोडवून गुडघ्यावर ठेवला, शाल खोचली, आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. त्यानंतर एकही बुधवार तिने चुकवलेला नाही. येते, पाव आणते, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याजवळ एक शब्द न बोलता बसून राहते. ओइवाला तसंच आवडतं, असं ती सगळ्यांना सांगते.