डेल वानेक गप्प झाला तेव्हा

सोमवारी दुपारी चर्चच्या तळघरात आम्ही बायका राजमा-खिम्याची रसदार चिली आणि दालचिनीचे रोल वाढायचो, आणि पुरुषमंडळी पडद्यावर शाळेच्या संघाची शुक्रवारची अमेरिकन फुटबॉलची मॅच पुन्हा बघत कोचचं डोकं खायची. त्यात सगळ्यांत चढा आवाज डेल वानेकचा. धान्याच्या कोठारावर ट्रक वजनकाट्यावर घेणारा हा माणूस. दिवसभर इंजिनांच्या वर ओरडून बोलायची सवय. शाळेत असताना तो स्वतः क्वार्टरबॅक होता, म्हणजे दर चालीला चेंडू आधी हातात घेऊन तो लांब फेकणारा किंवा पळणाऱ्याला देणारा; आता त्याच जागी मुलगा कोल्टन खेळत होता.

"कोच, चेंडू फेकायला असतो हो, पोटाशी धरून पळायला नाही!" हे त्याचं दर सोमवारचं.

सप्टेंबरातल्या एका मॅचमध्ये कोल्टन डोक्यावर आपटला. उठला, हसला, पुढे खेळलाही. आणि पुढच्या सोमवारी डेल गप्प. मला वाटलं, घसा बसला असेल. पण नंतर तो चक्क कोचची बाजू घ्यायला लागला.

"पळूनच जिंकतोय ना आपण? मग फेकाफेकी कशाला?"

बियाणं विकणारा ऑर्विल खो खो हसला. "काय रे, पोटच्या पोरावर भरवसा नाही? का त्याचा हातही तुझ्यासारखाच निघाला?"

"चिली खा टकल्या, गार होतेय."

सगळे हसले. डेलही हसला, पण त्याचा वाडगा मी भरलेलाच परत नेला.

घरात काय चाललं होतं ते जोलीन, त्याची बायको, मला पुढे हॉस्पिटलच्या बाकावर बोलली. त्या दिवसापासून कोल्टनला डाव्या बाजूचं नीट दिसत नव्हतं. डावीकडे ठेवलेला दुधाचा पेला त्याच्या कोपराने सांडायचा. ती म्हणाली, डॉक्टरकडे नेऊ या. डेल म्हणाला, "डॉक्टर त्याला घरी बसवेल. शेवटच्या मॅचला कॉलेजच्या संघासाठी पोरं निवडणारा माणूस येतोय त्याला बघायला. तोवर कोच पळवतोच आहे ना? चेंडू दुसऱ्याच्या हातात दिला की पोरगा सुटला." मग जेवताना पेला उजवीकडे ठेवायचा, एवढाच उपाय त्या घरात झाला.

शेवटच्या मॅचआधीचा सोमवार. पडद्यावर तेच ते. कोल्टन वळतो, चेंडू पळणाऱ्याच्या पोटाशी देतो, त्या पळणाऱ्यावर पोरांचा ढीग पडतो.

"माझी म्हातारीसुद्धा सांगेल पुढे काय होणार!" ऑर्विल ओरडला. "पोराला फेकता येत नाही, हे कबूल करून टाका एकदाचं."

कोच कधी आवाज चढवत नसत. त्यांनी पडदा बंद केला. "येतं त्याला. शुक्रवारी दाखवतो. पहिल्याच चालीला."

टाळ्या पडल्या. डेल तेवढा नुसता बसून होता.

मी रिकामं पातेलं गाडीत ठेवायला वर आले, तर तो कोचना पायरीवर गाठून उभा.

"कोच, जरा..."

"बोल की. इतकी वर्षं तूच मागत होतास ना हे?"

डेलने टोपी काढली, आतून बघितली, परत घातली. "काही नाही. शुक्रवारी वारा असेल, एवढंच म्हणत होतो."

शुक्रवारी पानही हलत नव्हतं. दिव्यांखाली गवत नको इतकं हिरवं दिसत होतं. जोलीन माझ्या शेजारी बसली होती, तिच्या पलीकडे डेल, मांडीवर हात घट्ट रोवून.

पहिलीच चाल. कोल्टनने चेंडू घेतला आणि या वेळी कुणालाच दिला नाही, मागे मागे गेला. अख्खं गाव आनंदाने उभं राहिलं. त्याने उजवीकडे बघत हात उचलला. डावीकडून समोरच्या संघाचा एक आडदांड पोरगा त्याला पाडायला मोकळाच धावत येत होता. वरून आम्हा सगळ्यांना दिसला.

"डावीकडे!" डेल ओरडला. "कोल्टन, डावीकडे!"

काट्यावर कमावलेला तो आवाज, पण गावाच्या जल्लोषात बुडून गेला. जोलीनने मैदानाकडे बघितलंच नाही. ती डेलकडे बघत होती.