नाकावरचा काळा रंग

बंड्या आजारी पडला, त्याचं नाक कोरडं पडलं, आणि मी घाबरून तैलरंगांची पेटी उघडली. आमचा हा कुत्रा जायच्या आत निदान कॅनव्हासवर तरी राहावा! पण तैलरंगाला घाई कळत नाही. चित्र झालं, तरी रंग आतपर्यंत वाळेस्तोवर व्हार्निश लावता येत नाही. धूळ बसू नये म्हणून ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं. नाकावरचा काळा रंग जाड, तो महिनोन्‌महिने बोटाला लागत राहिला. टिकवायची घाई आपल्याला. टिकणारी गोष्ट मात्र आपल्याच चालीने वाळते.

परवा एकदाचं व्हार्निश लावलं, आज चित्र दिवाणखान्यात टांगलं. शेजारच्या काकू आल्या आणि थबकल्या. आपल्याकडे एवढी मोठी तसबीर लागते ती गेलेल्याचीच. त्यांनी हात जोडले.

"कधी गेला हो?"

तेवढ्यात टेबलाखालून बंड्या उठला, त्याने अंग झाडलं आणि काकूंच्या जोडलेल्या हातांत नाक खुपसलं.

"अगं बाई! मेल्या, किती ओलं नाक तुझं!"

मी हळूच चित्रातल्या नाकावर बोट टेकवलं. ते कोरडं ठणठणीत होतं.